मयताला भरलेल्या बांगड्या

आई,

काल सुनेला माहेराहून फोन आला, तिचे चुलते गेले. कपाटापुढं उभी राहून तिनं मला विचारलं, "आई, मयताला पांढराच ड्रेस लागतो का? माझ्याकडं पांढरा आहे, पण त्याला टिकल्या आहेत." मी म्हटलं, कुठलाही साधा घाल, गेलेला माणूस कापड बघत नाही. ती गेली आणि मी पलंगावर बसले ती बसलेच. म्हणे कापड बघत नाही! आबा गेले त्या दिवशी त्या अंगणात आबा सोडून सगळ्यांनी तुझं कापडच बघितलं होतं. तू होतीस तोवर त्या दिवसाचं नाव काढू दिलं नाहीस. तू गेल्यावर मी रोज उद्यावर ढकलत राहिले, आणि आता माझेच केस पांढरे झालेत.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. आपण सांगलीत हळदीच्या पेठेमागं दोन खोल्यांत राहायचो आणि आबा कराडकडच्या त्यांच्या गावात. तिथं त्यांची उसाची जमीन, थोरल्या बाई, त्यांची मुलं. आबा हळद विकायला पेठेत यायचे, तू गोदामात हळकुंडं निवडायला बसायचीस, तिथंच तुमचं जमलं. कृष्णेकाठच्या देवळात भटजीसमोर हार घातले, आबांनी तुझ्या गळ्यात डोरलं बांधलं. तेवढंच तुझं लग्न. थोरल्या बाईंनी तुला उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नाही. आता मी त्यांना दोष देत नाही. माझ्या घरात अशी कुणी आली असती तर मीही तिची आरती ओवाळली नसती. पण तेव्हा मी आठवीत होते, आणि वडील कुठं असतात असं शाळेत कुणी विचारलं की शेतावर असतात म्हणून सांगायची. ते काही खोटं नव्हतं.

थंडीचे दिवस आहेत. तू चुलीपुढं भाकरी थापतीयस आणि दारात आबांचा ट्रक चालवणारा माणूस येऊन उभा राहतो, डोक्यावरची टोपी काढतो. "वैनी," तो म्हणतो, "मालक गेलं. पहाटं छातीत कळ आली." तू हातातली भाकरी तशीच परातीत ठेवतेस आणि पहिला प्रश्न विचारतेस तो हा, "तुला कुणी धाडलं?" तो खाली बघतो. "कुणी न्हाई. माझा मीच आलो. थोरली लेक म्हाबळेसराकडं दिलीया, ती येईस्तवर उचलायचं न्हाईत. येनार असशीला तर लगीच निगा." तू मान हलवलीस. तो गेल्यावर तव्यावरची भाकरी करपून खोलीभर धूर झाला, ती मी उतरवली. तू रडली नाहीस. तू उठून ट्रंक उघडलीस.

शेजारच्या जैनांच्या काकू धावत आल्या, हातात त्यांचं एक विटकं लुगडं घेऊन. त्यांना ठाऊक होतं की तुझ्याकडं जुनं म्हणून जे आहे ते सगळं गोदामातलं, हळदीनं पिवळं झालेलं. "हे नेसा वो. मैताला जुनेरंच बरं." तू त्यांचं लुगडं बाजूला ठेवलंस आणि आबांनी लग्नात आणलेलं हिरवंगार पातळ काढलंस. काकूंनी तोंडाला हात लावला. मग तू कपाळावर कधी लावलं नव्हतंस एवढं मोठं कुंकू लावलंस, माझा हात धरलास आणि स्टँडवर जायच्या आधी मला गल्लीतल्या कासाराकडं नेलंस.

हळद निवडताना, चाळताना काच टिकत नाही, म्हणून तुझ्या हातांत एकेक बारीक बांगडीच असायची. तू कासारापुढं बसलीस आणि म्हणालीस, "कोपरापतूर भरा मामा. हिरव्या." म्हातारा खूश झाला. तुझा हात दाबून दाबून मऊ करत विचारायला लागला, "कुनाचं लगीन काडलंय?" तू म्हणालीस, "घरचंच हाय." मला भीती वाटायला लागली होती. वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. दोन्ही हात गच्च भरले, रीतीप्रमाणं तू भरल्या हातांनी त्याला नमस्कार केलास आणि तो म्हणाला, "जन्मसावित्री व्हा." तू "व्हय" म्हणून उठलीस.

कराडच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मी शेवटी विचारलंच, आई, आपण असं का चाललोय? तू बाहेरच्या उसाकडं बघत होतीस. "आगं, बायकू असती तिच्या बांगड्या फोडत्यात," तू म्हणालीस. "माझ्या हातात फोडायला काय तरी नगं का?"

आई, एवढं सरळ होतं तुझं गणित. तुझं लग्न कुणी बघितलं नव्हतं. बारशाला, सणाला, कुठल्याच पंगतीला तुला त्या घरानं बोलावलं नाही. आता एकच विधी उरला होता आणि तो तुला सोडायचा नव्हता. सगळ्या गावासमोर त्या घरच्या विधवांनी तुझं कुंकू पुसलं असतं, तुझे हात दगडावर आपटले असते, तर निदान त्या दिवसापासून तू कुणाची तरी विधवा ठरली असतीस. जिवंतपणी जे मिळालं नाही ते माणूस मेल्यावर मागायला तू नटून निघाली होतीस. मला हे तेव्हा अर्धंच कळलं.

अंगणात आबांना पांढऱ्या कापडात ठेवलेलं. थोरल्या बाई त्यांच्या उशाशी, विटक्या लुगड्यात, चेहरा सुजलेला. आपण आत शिरलो आणि रडणं थांबलं. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मड्याला हिरवं नेसून आली बगा. लाज कशी वाटंना?" तू कुणाकडं बघितलं नाहीस. आबांच्या पायाशी बसलीस, पायांवर डोकं ठेवलंस आणि पदर मागं सारून दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवलेस. आबांची म्हातारी आत्या, कधीचीच विधवा झालेली, ती उठली. तिनं थोरल्या बाईंचं कुंकू पुसलं, त्यांच्या बांगड्या दगडावर फोडल्या. त्या ओरडल्या ते मला अजून ऐकू येतं. मग आत्या तुझ्यासमोरून गेली, हात झटकत, आणि आपल्या जागी जाऊन बसली.

"आत्याबाई," तू म्हणालीस, "माझ्या ऱ्हायल्या."

म्हातारी म्हणाली, "तुज्या कशाला फोडू? तू काय लगनाची हायस व्हय? फोडल्या तर उद्या वाटा मागशील."

"मला काय नगं. नुसत्या फोडा."

म्हातारीनं तोंड फिरवलं. तू थोरल्या बाईंकडं बघितलंस. साऱ्या अंगणात तुझं दुःख कळणारी तेवढी एकच बाई होती. त्यांनी तुझ्याकडं बघितलं आणि त्या म्हणाल्या, "त्या पावन्या हायत. त्यास्नी पडवीत बसवा आन च्या द्या." घरात मढं असताना घरची चूल पेटत नाही, घरचं माणूस घोटभरही घेत नाही. चहा शेजारून येतो आणि तो परगावच्या पाहुण्यांना मिळतो. कुणीतरी कपबशी आणून तुझ्यापुढं ठेवली. तुझ्यावर हात उचलला असता तरी चाललं असतं. त्या कपबशीनं तुला जितेपणी मारलं. तो चहा तिथंच गार झाला, आणि आबांना उचलताना तुला खांद्याला धरायलाही कुणी आलं नाही. माझ्या हातात तेव्हा दगड असता तर मी कुणाचं तरी डोकं फोडलं असतं, असं मी आजही म्हणते.

परतीच्या गाडीत एका बाईनं तुझे हात बघून कौतुक केलं, "नव्या भरल्या जनू? लय झ्याक दिसत्यात." तू त्यालाही "व्हय" म्हणालीस. पुढं गोदामात चाळण मारताना त्या एकेक करून तडकत गेल्या. तू काचा पदरात गोळा करायचीस आणि कोपऱ्यात टाकायचीस. माझी समजूत होती की शेवटची फुटली की हे संपेल. तू कासाराकडं जाऊन पुन्हा एकेक भरून आलीस. कुंकू मात्र त्या दिवसानंतर कधी लावलं नाहीस. कपाळ विधवेचं आणि हात सवाष्णीचे, असं तू उरलेलं सगळं आयुष्य काढलंस. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुला बोलवावं की नाही हे बायकांना कळायचं नाही, म्हणून त्या आपल्या दारासमोरून पुढं जायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, काढून टाक त्या, कुणासाठी घालतेस? तू म्हणालीस, "कुनी फोडल्याबिगार माझ्या मी कशा काडू?" धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

माझा नवरा गेला तेव्हा मी माझ्या बांगड्यांना कुणाला हात लावू दिला नाही, हे तू बघितलंस. मास्तरीण आहे, शिकून आगाऊ झाली, असं लोक म्हणाले. मला त्या रीतीची शिसारी येते, अजून येते. तुला ते पटलं नव्हतं, पण तू माझ्यापुढं उभी राहून बायकांना म्हणालीस, "तिला शिवू नगा." तेव्हा तुझ्या मनात काय चाललं असेल, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

यापुढचं तुला माहीत नाही. तू गेलीस त्या सकाळी तुला न्हाऊ घालताना बायका थांबल्या. एकीनं विचारलं, "हिरवं नेसवायचं का पांढरं?" दुसरी म्हणाली, "हिच्या बांगड्या कुटं कुनी फोडल्यात? हिरवंच नेसवा, पुण्य लागंल." मी म्हटलं, पांढरं आणा. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी आईची वैरीण आहे. मी म्हटलं, मी विधवा आहे, आबांच्या घरची लेक आहे, माझ्याइतका हक्क कुणाचा नाही. आणि तुझा हात उचलून मी न्हाणीतल्या दगडावर ठेवला.

सून आता येईल. हे कागद तिच्या हाती लागायच्या आत मी फाडून टाकीन, तुझ्यापर्यंत नेणारं कुणी नाहीच. पण एक गोष्ट त्या न्हाणीतल्या कुठल्याच बाईला कळली नाही, ती तुला सांगते. उजव्या हातातली लगेच फुटली. डाव्यातली फुटेना, तेव्हा मी दात खाऊन तुझा हात पुन्हा आपटला. ती फुटली, आणि आई, मला इतकं बरं वाटलं की तू गेली आहेस हे मी क्षणभर विसरूनच गेले.