चौकटीवरची किल्ली

अण्णा, आज सकाळी लेकीनं माझ्यावर आवाज चढवला. घरातला कॉम्प्युटर पासवर्ड न विचारता उघडतो, कुणीही येऊन काहीही वाचेल, एवढंही कळत नाही का, म्हणाली. शब्द न् शब्द माझा होता. काष्टीच्या घरात मी तुम्हाला असंच झापलं होतं, हाताचं पीठही न झटकता.

तेव्हा मी नगरला कॉम्प्युटरचा क्लास करून आले होते आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर घरात आणून मिरवत होते. त्याला पासवर्ड घातला, तर तुम्ही तो मॉनिटरच्या कडेला खडूनं लिहून ठेवलात. जन्मभर मास्तरकी केलेली, दुसरं काय सुचणार! आपल्या दाराची किल्लीसुद्धा चौकटीवर असायची आणि ते अख्ख्या आळीला ठाऊक होतं. "अगं, शेजारच्या काकूला कायतरी टाइप करायचं असलं अन् आपुन घरी न्हाई, तर?" काकूंनी टाइप काही केलं नाही. मी एका मुलाला लिहिलेलं पत्र मात्र त्यांनी वाचलं आणि आळीभर केलं. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुम्ही गुपचूप ओल्या फडक्यानं खडू पुसलात. मी पासवर्ड बदलला आणि तो तुम्हाला न सांगता पुण्याला नोकरीवर निघून गेले.

आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्ही रोज त्याच कॉम्प्युटरवर तिच्याबद्दल अर्धं पान लिहायचात आणि अर्धं झालं की वाक्य तसंच सोडून उठायचात. हे माहीत असूनही मी गेले, अण्णा. एसटीडी बूथवरून तुमचा फोन येतो, मागे बाजाराचा कालवा. "त्यो शब्द काय हाय गं? लई घालून बघितले. तुझी आई निम्मीच राहिली." मी म्हणते, रविवारी आले की बघू. "बरं, तुझ्या सवडीनं." गुरुवारी तुम्ही गेलात.

दिवस झाल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. शेवटची ओळ होती, 'बाजारात शेळी घ्यायला गेलो, पण हिनं शिलाई मशीनच'. खूप वर्षांनी कुणीतरी सहज सांगितलं की त्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसतं कॅन्सल दाबलं तरी आत जाता यायचं. तुम्ही ते दाबलं नसतंत. आईबद्दलचं सगळं रद्द होईल, असं वाटलं असतं तुम्हाला.

की-बोर्डखाली तुमची यादी सापडली, हजेरीच्या कोऱ्या कागदावर. माझं नाव, आईचं, गावाचं, शाळेचं, मांजरीचंसुद्धा. एकेक तांबड्या पेननं खोडलेलं. ती यादी अजून माझ्या कपाटात आहे आणि ते कपाट उघडायची मला भीती वाटते.

हे पत्र या कॉम्प्युटरवरच राहील, कुणीही उघडून वाचावं. आता तुम्हाला सांगते. तो शब्द म्हणजे तुमचंच नाव होतं. स्वतःचं नाव तुम्हाला कधी सुचणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी ते ठेवलं होतं.