पंचेचाळीस नंबरचा गुडघा

३ जून

ती. ताईस,
बारकूचा शि. सा. न. वि. वि.

मोठ्या हुद्द्याची परीक्षा दीड महिन्यावर आली. सकाळभर दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे सोडवतो, मग अभ्यास. त्या जाडजूड शरीरशास्त्राचा पहिला भाग लायब्ररीने अखेर आम्हा अंधांसाठी तयार केलाय. कॉम्प्युटर तो वाचून दाखवतो. (तुझी पत्रंही तोच वाचतो, त्यामुळे तुझं रागावणंसुद्धा एका सुरात ऐकू येतं.)

आणि ताई, आकृत्या! स्कॅन केलेल्या आकृत्यांची वर्णनं कुणा स्वयंसेविकेने लिहिली आहेत. नाव नाही, नुसता नंबर, पंचेचाळीस. बाईच असावी. ती लिहिते, डावा तळहात उजव्या खांद्यावर ठेवा, बोटं मागे सरकवा, आडवं हाड लागेल. लागलं की! लहानपणी तू कागदावर सुतळी चिकटवून आकृत्या करायचीस, त्यात मला फक्त सुतळी कळायची.

रविवारी फोनवर वाचून दाखवायचे कष्ट आता घेऊ नकोस. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
बारकू


१८ जून

चि. बारकूस,
अनेक आशीर्वाद.

सुतळीचं इतक्या वर्षांनी का होईना, कळवलंस ते बरं केलंस.

रविवार मोकळे झाले, म्हणून मीही त्याच लायब्ररीत जाऊ लागले आहे. मागची खोली, चार टेबलं, एक स्कॅनर आणि शिवण उसवून सुटी केलेली पानं. यंत्र पान वाचतं, पण चुकतमाकत. एक स्वयंसेवक ते दुरुस्त करतो, दुसरा तपासतो. शाळेत तीस वर्षं वह्या तपासल्या, म्हणून मला थेट तपासायलाच बसवलं.

तुझ्या पंचेचाळीस नंबरची एक फाइल माझ्याकडे आली आहे. बाई घरूनच काम करते, तिचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. तू म्हणतोस तेवढं काही नाही. मी दोनदा परत पाठवली. कुणाला इतकं डोक्यावर घेऊ नये.

लोभ असावा, आणि तो वाटत सुटू नये.

ताई


२९ जून

ती. ताईस,
सा. न.

दुसरा भाग अडकलाय गं. लायब्ररीत फोन केला. तपासणारी कुणी खाष्ट बाई आहे म्हणाले, तीनदा फाइल परत पाठवली, तीही स्वल्पविरामांसाठी. परीक्षा तेरा जुलैला आणि गुडघा, घोटा सगळं त्याच भागात. माझं वर्षभराचं घोडं तिच्या टेबलावर अडलंय. तू तिथे जातेसच, तर तिच्या कानावर घाल.

घाईत आहे, लोभ गृहीत धरतो.

बारकू


१६ जुलै

ती. ताईस,
सा. न.

झाली परीक्षा! भाग आठ तारखेला मिळाला. पाच दिवसांत कसाबसा ऐकला, घोट्याचा प्रश्न राहिलाच. पण गुडघा! शेवटच्या प्रकरणात पंचेचाळीस नंबरने कमाल केली आहे. पाय सैल सोडा, वाटी चिमटीत धरा, सरकेल. आता पाय ताठ करा, घट्ट बसेल. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. जरा शीक तिच्याकडून.

बारकू


२० जुलै

चि. बारकूस,
आशीर्वाद.

ती खाष्ट बाई मीच. फाइल तुझ्याच पुस्तकाची आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुला चोख पुस्तक मिळावं म्हणून करते, असं मनाशी म्हणायचे. खोटं. मी जळत होते. तिसऱ्यांदा परत गेल्यावर तिने काम सोडलं, शेवटच्या प्रकरणातल्या आकृत्या तशाच राहिल्या. मग त्या मी लिहिल्या. तिची पानं समोर ठेवून, जमिनीवर पाय पसरून, तीन दिवस स्वतःचा गुडघा चाचपत. नंबर तिचाच राहू दिला, माझा घालायला तोंड नव्हतं. तिला माफीचं पत्र पाठवलं, उत्तर आलेलं नाही. तुझा घोटा माझ्यामुळे राहिला. काय बोलायचं ते बोल, ऐकून घेईन.

पण खरं सांगू? कौतुक माझ्याच गुडघ्याचं आहे हे कळत असूनही तुझ्या पत्रात पंचेचाळीस आकडा दिसला, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखलं.

जो काही लोभ उरला असेल तो माझ्या नावावर पाठव, नंबरवर नको.

ताई