नाव नको, नंबर टाका

१ ऑगस्ट १९९९, रविवार
पेणला सासुरवाडीला जाऊन आलो. मेव्हण्याच्या, प्रविणच्या गणपतीच्या कारखान्यात घरोघरचे पाट यायला लागलेत. ज्याचा पाट त्यावर त्याचाच गणपती, म्हणून तिथला जुना कारागीर कान्हूतात्या पाटाखाली कोळशाने नाव लिहीत बसतो. आजोबांच्या काळातली पद्धत! मी प्रविणला सांगितलं, नाव नको, नंबर टाका. नंबर कुणाचा, मूर्ती किती उंच, सोंड कुठल्या बाजूला, सगळं माझ्या रोह्याच्या कॉम्प्युटरवर राहील. भावाचं काम म्हणून रोहिणी टाईप करायला एका पायावर तयार. कान्हूतात्या म्हणाला, देवाला काय नंबर देतात व्हय? म्हातारा माणूस. मी मनावर घेतलं नाही.
प्रविणने एकच विचारलं, व्हायरस लागला तर? मी म्हटलं, पैसे भरून ओरिजिनल अँटिव्हायरस घेणार. फुकटचं काम आपल्याकडे नसतं.

३ ऑगस्ट, सकाळी ६.४०, कंपनीच्या बसमध्ये
पेड अँटिव्हायरसची किंमत कळली. बसलो.
शेजारच्या गुणाजीने डब्याच्या पिशवीतून फ्लॉपी काढली. म्हणाला, फुकट हाय, ने, आख्ख्या बसनी वापरलाय. म्हणजे टेस्टेड माल. धाटावच्या कंपनीत अकरा वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, टेस्टिंगचं महत्त्व मला कळतं.
निर्णय: तूर्त फ्री, बोनस झाला की पेड.

५ ऑगस्ट
रोहिणीने विचारलं, पैसेवाला घेतलात ना? मी हो म्हटलं. कसं तोंडातून गेलं कळलं नाही. तिने लगेच शेजारी सांगितलं.

७ ऑगस्ट
कंपनीच्या कॉम्प्युटर सेक्शनने पेड अँटिव्हायरसचा रिकामा खोका टाकून दिला होता. घरी आणून मॉनिटरवर ठेवला. यात खोटं काही नाही. खोका ओरिजिनलच आहे, फक्त आत काही नाही.
रोहिणीने खोक्याला हळदकुंकू वाहिलं. वालाचं बिरडं होतं, तरी दुसऱ्यांदा घेतलं नाही.

१६ ऑगस्ट, नागपंचमी
एकशे त्रेचाळीस पाट झाले. प्रविण नावांच्या चिठ्ठ्या पाठवतो, रोहिणी टाईप करते. चिठ्ठ्या जपून ठेवू का, विचारत होती. मी म्हटलं, कागद ठेवायचे तर कॉम्प्युटर कशाला? तिने बंबात घातल्या. माझ्यावर फार विश्वास आहे तिचा. हे चांगलं की वाईट, ठरवता येत नाही.
फ्री अँटिव्हायरस रोज सांगतो की मी जुना झालो, मला बदला. एंटर दाबलं की गप्प बसतो. सभ्य आहे.

२२ ऑगस्ट
पाट एकशे अठ्ठ्याण्णव. आज बॅकअप घ्यायचाच. पण कोरी फ्लॉपी गुणाजीने गेमसाठी नेलीय. उद्या.

२३ ऑगस्ट
उद्या.

२६ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
रोहिणी सकाळी नवी साडी नेसून तयार. राखीबरोबर भावाला यादीचा प्रिंट देणार होती. कॉम्प्युटर लावला. काळा पडदा. परत लावला. काळा पडदा. वायर बदलली, बाजूने थापट्या मारल्या, प्लग दुसऱ्या भिंतीत घातला.
ती नुसती राखी घेऊन पेणला गेली. मी येत नाही म्हटलं. डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं.

२७ ऑगस्ट, बसमध्ये
काल बसमधल्या जितेशचाही कॉम्प्युटर बंद. गुणाजीचाही बंद. मागच्या सीटवरच्या दोघांचे बंद. ज्यांनी ज्यांनी ती फ्लॉपी घातली त्यांचेच. गुणाजी म्हणाला, नशीब, फुकटचा होता.

२९ ऑगस्ट
कारखान्यात एकशे अठ्ठ्याण्णव पाट, पाटाखाली खडूने नंबर. नंबर म्हणजे कोण, कुणालाच माहीत नाही. काही पाटांवर मूर्ती झालीसुद्धा. चतुर्थी पंधरा दिवसांवर. मूर्ती बदलली तर लोक प्रविणच्या दारात पुन्हा पाट ठेवणार नाहीत. बापाच्या वेळची घरं आहेत.
प्रविण ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, भावोजी, तुमी तरी काय करणार? पैसे भरून घेतलेल्याची ही गत, फुकटचा असता तर काय झालं असतं? सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. हे लिहिताना लाज वाटतेय.

५ सप्टेंबर
प्रविणने गावोगाव निरोप धाडला, या नि आपला पाट ओळखा. सकाळपासून रांग. गागोद्याच्या धोंडुबाईला नीट दिसत नाही. तिने बोटांनी पाटांच्या कडा चाचपल्या आणि समईने भाजलेल्या डागावर थांबली. म्हणाली, ह्यो माजा, मालक गेले त्या साली भाजलाय. दुसरीने पाटाच्या मोडक्या पायावरून ओळखला, तिसऱ्याने खिळ्यावरून. कुणाचा चुकला नाही. नंबर कुणी पाहिलेच नाहीत. कान्हूतात्या कोळशाने नाव लिहायचा, मी पाट उचलून धरायचो.
संध्याकाळी एक पाट उरला. सगळ्यांनी मला विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, कुणीतरी विसरलं असेल. रोहिणीने पाट उचलला आणि म्हणाली, आपला आहे हो.

६ सप्टेंबर
खोका मॉनिटरवर नव्हता. शोधला. देवघरात होता, रोहिणीने त्यात गणपतीसाठी वळलेल्या वाती भरून ठेवल्या होत्या. मी बघत होतो, तर म्हणाली, रिकामाच तर होता पहिल्या दिवसापासून, कुंकू लावताना हलका लागला. प्रविणला मी काय बोलले नाय. ते तुम्हीच बोला.
उद्या एसटीडी बूथवरून त्याला फोन करून सगळं सांगणार.
उद्या सेकंड शिफ्ट आहे.
परवा.