मरळीचं डोकं

३१ जाने., शनि.

आज पहिल्यांदा गळ टाकला. पाण्यात नाही, बाभळीत. काठी मागं नेली, झटका दिला, तर दोरी पुढं येईचना. वळून बघते तर गळ वरच्या फांदीला आणि कणकेची गोळी काट्यावर. सत्तेचाळीस वर्षांची बाई पदर खोचून बाभळीशी झुंजतेय. नशीब, काठावर कुणी नव्हतं.

काठी आप्पांची. माळ्यावर पडून होती. वर्षश्राद्ध झालं तरी कुणी हात लावला नव्हता. ते असताना मला लावू दिला नाही. धाकट्या बाळूला एवढासा असताना मांडीत बसवून शिकवलं. मी आणि आक्कानं काठावर डबा नेऊन द्यायचा आणि मागं फिरायचं. पोरीच्या जातीनं गळ धरायचा नसतो म्हणे. हा नियम कुणी केला, कुणास ठाऊक. बाळू आता नदीकडं फिरकतसुद्धा नाही.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून आलेय. दिवसातनं चारदा डोळ्यात थेंब. भावजय सारिका अंगणवाडीत जाते, बाळूला वेळ नाही, मग आहेच की कोल्हापूरची बहीण फुकटची! शिवणक्लास बंद ठेवून आले. मालक तिकडं खिचडी खाऊन दिवस काढतायत. सकाळचे थेंब घातले की आई डोळे मिटून पडते, तेवढा वेळ माझा. घरात बसून सारिकाची भांडी घासण्यापेक्षा नदी बरी.

१ फेब्रु., रवि.

तरीच म्हटलं, एवढ्या मायेनं गाडी घेऊन न्यायला कसा आला.

जेवताना बाळू : "ताय, आक्काची सही झालीया. आता तुझी तेवढी ऱ्हायलीया."

आप्पांच्या माघारी सातबाऱ्यावर चार नावं लागली. आई, बाळू, आक्का, मी. त्याला रस्त्याकडच्या तुकड्यात लग्नाचं लॉन काढायचंय, म्हणून सगळं एकट्याच्या नावावर पाहिजे. रस्त्यापासून खाली नदीच्या काठापर्यंत. हक्कसोडपत्र. आक्कानं दिवाळीनंतर गडहिंग्लजहून येऊन सही केली आणि पैठणी घेऊन गेली. तिचा ब्लाउज मीच शिवला! कापडाला हात लावल्यावर कळलं, रेशीम नाही, नकली. आक्काला सांगितलं नाही. तिनं साडी कशाबद्दल मिळाली ते सांगितलं नव्हतं, मी कापड कसलं ते सांगितलं नाही.

मी "बघू" म्हटलं. बाळू म्हणाला, "बघायचं काय त्यात? सगळ्याच भैनी करत्यात."

सगळ्याच करतात, हे खरं. मला त्याचाच जास्त राग आला.

२ फेब्रु., सोम.

आज गळ पाण्यात पडला. गाठी मला शिकवायला नकोत, उभा जन्म धाग्यात गेलाय. पण फेकणं जमत नाही. एकदा पायापाशी, एकदा पाण्यावर माजलेल्या केंदाळात, एकदा मोटारीच्या पाइपला अडकून. पाण्यातनं वाफा निघत होत्या, बिद्रीच्या कारखान्याचा भोंगा झाला, उसाचे ट्रॅक्टर वरच्या रस्त्यानं गाणी वाजवत गेले. मला बरं वाटत होतं. लिहून ठेवते, कारण पुढं दिवसभर वाटलं नाही.

वैरणीचा भारा घेऊन जाणारा एकजण थांबला. "ओ पावणं, कुठनं आलाय?" म्हटलं, ह्याच रानातली लेक हाय मी. "हां हां, बाळासाबांची भैन व्हय!" पूर्वी आप्पांची पोरगी होते. ते गेले, आता बाळासाबांची बहीण. माझं नाव सुमन आहे, हे ह्या गावात आईशिवाय कुणाला आठवतं काय?

दोन चिलाप्या घावल्या, बोटाएवढ्या. बाळू बघून हसला. "ह्यांचा रस्सा करनार काय ताय?" बादलीत पाणी घालून ठेवल्यात.

४ फेब्रु., बुध.

आई काळा चष्मा लावून सोप्यात बसलेली. म्हटलं, आप्पा एवढ्या मोठ्या मरळी आणायचे, मला का मिळत नाही?

"कणीक घालतीस न्हवं? मरळ काय उपासाला बसलीया व्हय कणीक खायला! जित्ती बारकी मासळी लाव. केंदाळाच्या कडंला सोड. आन् धरली की लगीच वडू नको. ती गिळत न्हाई आधी, नुसती तोंडात धरून बसतीया."

"तुला काय ठाऊक?"

"पन्नास वर्सं मासं साफ केल्यात. त्येंची बडबड ऐकत."

बादलीतली चिलापी लावली. आईचं ऐकलं तेवढं ऐकलं, नेमकी शेवटची गोष्ट विसरले. दोरी सरसर निघाली आणि मी ओढली. रिकामा गळ कानाजवळनं गेला. चिलापी अर्धी. भरून यायला लागलं. एका माशासाठी! नुसत्या माशासाठी नसणार.

दुपारी आईनं हळूच सहीचा विषय काढला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात ती आणि बाळू सारखेच. "सुमे, भावाचं दार बंद करून घिऊ नको गं. मी गेल्यावर तुला कोन हाय?"

मला मालक आहेत, माझी मशीन आहे, मुलगा पुण्याला नोकरीत आहे. पण आई विचारते तेव्हा ह्यातलं काही आठवत नाही. मी परत पोरकी होते. तिला हे ठाऊक असतं.

५ फेब्रु., गुरु.

नदीला गेले नाही. भांडण.

बाळूला सरळ विचारलं, नदीकाठचा पट्टा तरी माझ्या नावावर ठेव. तिथं काही पिकत नाही, तुझ्या लॉनच्या कामाचा नाही. मला सकाळी बसायला. मी मेले की घे परत.

"बसायला कागद कशाला लागतोय ताय? कवाबी ये, बस. मी काय न्हाई म्हंतोय?"

"न्हाई म्हटलास तर?"

"म्हंजे माझ्यावर इस्वास न्हाई!"

"तुझा तरी हाय काय माझ्यावर? मग सही कशाला पायजे? राहू दे की माझं नाव, मी कुठं लॉन पाडायला येणार हाय."

तेव्हा बाळूचा आवाज चढला. एवढा की शेजारची म्हातारी गोठ्यातनं बाहेर आली. "सही केलीस तर भैन! न्हाई तर भाऊबीजेला कुणाच्या दारात जाणार हाईस ते बघ जा!"

सारिका चुलीपाशी नुसती उभी. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर आई त्याला एक तरी शब्द बोलेल. तिनं मला हाक मारली, "सुमे, थेंब."

थेंब घातले. एक तिच्या गालावर गेला. आईला वाटलं मी रडतेय. म्हटलं, औषध हाय ते.

६ फेब्रु., शुक्र.

आजचा दिवस नीट लिहिते. नाहीतर पुढं माझंच मला खरं वाटणार नाही.

आज तालुक्याला जाऊन सही करायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांचं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हणायला जीव उरला नव्हता. पहाटे उठून तेवढ्यात नदीवर. शेवटची चिलापी लावली, केंदाळाच्या कडेला सोडली, बसले. दोरी थोडी हलली, थांबली. ह्या वेळी ओढली नाही. ओठ दाबून बसले. मग दोरी निघाली, सावकाश, कुणीतरी हात धरून नेल्यासारखी. तेव्हा ओढली.

काठी वाकली ती वाकलीच! रीळ बोटांतनं सुटायला लागलं. मी ओरडले, काय ओरडले आठवत नाही. बांधावर बाळू मला न्यायला आलेला. चपला फेकून धावत खाली. "ढील दे! ताय, ढील दे! वडू नकोस, आई घाल... हां, आता घे, घे!" पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यात मांडीभर पाण्यात. मरळ कडेला आली तसं दोन्ही हातांनी उचलून काठावर टाकली आणि स्वतः फतकल मारून बसला चिखलात. हातभर मरळ. दोघं हसत सुटलो. पोटात दुखेपर्यंत. "आप्पाला बी हिच्यायेवढी कवा गावली न्हाई बघ!" असं म्हणाला. माझ्या गालाला चिखल लागलेला, त्यानं बाहीनं पुसला.

मला वाटलं, सुटलं सगळं. आता हाच म्हणेल, जाऊ दे ताय, राहू दे तुझं नाव.

उठला, पँट झटकली. "चल. आदार कार्ड घेतलंस न्हवं?"

बसले गाडीत. होय, बसले. भावानं एकदा गालाचा चिखल पुसला तर बसले. काय म्हणायचं ह्याला? कणकेला सुद्धा न भुललेली मरळ माझ्यापेक्षा शहाणी.

तालुक्याला गर्दी. आणखी तिघी बहिणी बाकावर, नव्या साड्या नेसून, हातात पिशव्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आमचा नंबर यायच्या आधी सर्व्हर बंद पडला. शिपाई म्हणाला, आज काय होत न्हाई, उद्या-परवा सुट्टी, सोमवारी या. बाळू त्याच्यावरच खेकसला. माझ्या छातीवरची धोंड उतरली, आणि तेवढंच वाईटही वाटलं, कारण सोमवारी हे सगळं परत.

संध्याकाळी सारिकानं मरळीचा रस्सा केला. शुक्रवार, वार चालतो. वाढायला आई बसली, काळा चष्मा लावून, चाचपत. भाकरी कुठं ठेवलीय ते तिला दिसत नव्हतं, मिठाची वाटी सांडली. पण पळी पातेल्यात घातली, फिरवली, आणि मरळीचं डोकं बरोबर काढून बाळूच्या ताटात टाकलं. एवढं मात्र न बघता सापडलं. मला शेपटाकडचा तुकडा.

सारिकानं बघितलं. "वन्सं, मधला तुकडा घ्या की माज्यातला." नको म्हटलं.

बाळू डोकं चोखत होता. मासा कुणी धरला हे त्या ताटावर एकालाही आठवत नव्हतं. मला भूक लागलेली, मी सगळं खाल्लं. लाज वाटते लिहायला, रस्सा चांगला झालेला.

७ फेब्रु., शनि.

मालकांचा फोन. म्हणाले, "तुझं तू ठरव, मी काय सांगू?" चांगला माणूस आहे. पण कधी कधी वाटतं, ह्यांनी एकदा तरी ओरडून म्हणावं, करू नको सही! मग मी त्यांच्यावर ढकलून मोकळी होईन. तेवढंही नशिबात नाही.

८ फेब्रु., रवि.

आईला विचारलंच. घरात दोघीच होतो.

"मासा मी धरला. डोकं त्याला का घातलंस?"

तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "अगं, सवय."

भांडायला तयार होऊन बसले होते. ह्या एका शब्दावर काय भांडायचं? मुद्दाम केलं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं आपणच बोलायला लागली. "मीबी सही केलीया की. माझ्या तिन्ही भावांला. लुगडं दिलं, जेवान केलं, गाडीतनं आनून सोडलं. मेले का मी?"

"मामांच्या घरी शेवटचं कवा गेलतीस?"

"थोरला गेला, त्येच्या दिवसाला."

"त्याच्या आधी?"

आठवत बसली. बोटं हलत होती. दारातनं कोंबडी आत आली, तिला हाकललं नाही. मग तोंड भिंतीकडं केलं. "थेंब घाल."

थेंबाची वेळ नव्हती. तरी बाटली आणली, तशीच हातात धरून बसले.

९ फेब्रु., सोम.

हे काठावर बसून लिहितेय. वही पिशवीत होती.

सकाळी निघाले तर आई म्हणाली, मीबी येती. डॉक्टरांनी धूळ नको म्हटलंय, तरी आली. माझ्या खांद्याला धरून, उसाच्या सरीतनं, काळा चष्मा लावून. लग्न होऊन ह्या गावात आल्यापासून नदीवर धुणं घेऊन आली, गोधड्या घेऊन आली, रिकाम्या हातानं आजच. दगडावर बसली. गळ टाकला. आमिष म्हणून पुन्हा कणीकच, दुसरं काही नव्हतं.

वर रस्त्यावर हॉर्न. एकदा. दोनदा. मग बाळूनं तो दाबूनच धरला.

मी दोरी गुंडाळायला घेतली. आईनं माझा हात धरला आणि वरच्या बाजूला तोंड करून ओरडली. ह्या वयात एवढा आवाज कुठनं काढला!

"आरं थांब की जरा! मासा लागतोय तिला!"

मासा काही लागत नव्हता. दोरी सैल पडलेली. चष्म्यातनंसुद्धा दिसावं इतकी सैल.

हॉर्न थांबला. गाडीचं दार वाजलं. बाळू बांधावरनं खाली यायला लागलाय, फोनवर कुणाला तरी "आलो, आलो" म्हणत. आई हललेली नाही. माझा हात तिनं सोडलेला नाही, म्हणून अक्षर असं