धुतलेले पाय

दादा,

तुले तुया किसनचा दंडवत.

आज कारणच तसं घडलं, म्हणून लिहाले बसलो. दुपारी वखारीचा मुनीम घरी आला. काखेत लाल पागोटं. उंबऱ्यातूनच म्हणला, "उद्या दसरा हाय, किसन. पहिला बोजा भराले मालकानं तुलेच निवडलं. रक्त तेच, पाय तेच." अन् "हे उद्या घेऊन ये, मालक बांधतीन" म्हणत पागोटं वहिनीच्या जात्यावर ठेवून निघून गेला.

वहिनीनं ते उलगडून पाहिलं. आतून तुया घामाचा पिवळा पट्टा तसाच हाय. धुवाचंही सुचलं नाही त्याहीले!

हो, तेच पागोटं. वैशाखात तू गेला, तवा वहिनीनं तुया डोक्याले बांधलं होतं. तिरडी उचलाच्या आधी हाच मुनीम आला अन् सोडून घेऊन गेला. "पागोटं वखारीचं हाय, माणसाचं नाही," म्हणे. आमी चौघं उभे होतो. मी उभा होतो, दादा! तुले उघड्या डोक्यानं नेलं.

तुले पहिला दसरा आठवते? तिवशाहून आपण नुकतेच अमरावतीले आलो होतो. मोठ्या पोत्यात उतरून दिवसभर कापूस पायानं दाबाचा, पोतं दगडासारखं होईपर्यंत, हे तुयं काम. अन् वखारीची रीत अशी, की हंगामातला पहिला बोजा भराच्या आधी मालक तुडवणाऱ्याचे पाय स्वतःच्या हातानं धुतो अन् त्याले पागोटं बांधतो. कापूस म्हणजे लक्ष्मी, तिले पाय लागणार, म्हणून. मालक तांब्या घेऊन वाकला अन् तू लेका ढसाढसा रडला! घरी येऊन म्हणे, "किसन, एवढ्या मोठ्या मानसानं माये पाय धुतले रे! मले भाऊ म्हनला!"

कापूस मळू नये म्हणून धुतले, दादा. तवाच तोंडावर सांगाले पाहिजे होतं मले.

अन् लक्ष्मी कसली? सांजच्याले त्याच कापसावर हा तिचा भगत, आपला मालक, पाणी शिंपडाले लावते, वजन वाढावं म्हणून. लक्ष्मीची आंघोळ म्हणत असंल!

मंग सातासमुद्रापल्याड गोरे आपसात लढाले लागले अन् विलायतेले आपला कापूस पाहिजे झाला. तिकडं कोणाकोणाचे मुडदे पडून राहिले, अन् इकडं बैलाच्या शिंगाले चांदी चढली. तू बाजारात जाऊन ते बैल पाहे अन् घरी येऊन म्हणे, "आता आपलेही दिवस येतीन." बैलाचे आले. आपले काहून नाही आले रे? मालकाले कधी इचारलं होतं?

आपल्या वाट्याले काय आलं ते सांगतो. कडी आली. भाव चढला तशी मालकानं वखारीच्या दाराले बाहेरून कडी घातली. दिवस निघाल्यापासून बुडेपर्यंत रेच्याच्या चरकावर सरकी काढणाऱ्या बायांचा हात थांबू नये, म्हणून. त्याहीची लेकरं बाहेर, निंबाखाली. त्यातल्या बायजाचं पोरगं तवा दोन महिन्यांचं होतं. ते बाहेर रडून रडून निळं होये, अन् आत तिची छाती भरून ये. शेवटी तिनं दूध भिंतीवर पिळलं. तू पाहिलं होतं. मीही पाहिलं.

काय मागतलं होतं त्या बायांनी? दुपारी घडीभर दार उघडा, लेकरं पाजू द्या. बस! त्याहीनं रेचे सोडले, तवा तुया जोडीचा नबीचाचाही पोत्यातून बाहेर निघाला. हात देऊन म्हणला, "म्हादू, बाहर आ, भाई. बाया बसल्या हायेत."

अन् तू काय म्हणला? "मालकाचं पागोटं हाय डोक्यावर, चाचा." अन् उतरला पोत्यात! पडलेली रुई दोन दिवस एकट्यानं तुडवली. तिसऱ्या दिवशी बाया मान खाली घालून रेच्यावर आल्या. कडी तशीच राह्यली.

माया राग हाय तुयावर, दादा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो. तुया छातीत रुईचा फुफाटा बसला, खोकून खोकून पाठीचा कणा दिसाले लागला. तुले भाऊ म्हणणारा एक दिवस तरी आला काय? मयतीलेही नाही. पागोट्यासाठी मात्र माणूस बरोबर धाडला!

तरी रडू येते. स्वतः अर्धपोटी राहून मले रिद्धपूरच्या मठात अक्षरं शिकाले तूच ठेवलं होतं. त्याच अक्षरांनी वखारीत मी, तू भरलेल्या बोज्यावर, मालकाचं नाव काढत गेलो. तुयं नाव कुठंच नाही काढलं. आज काढतो. महादेव.

सांजच्याले बायजाकडे जाऊन आलो. त्या बाया उद्या पुन्हा रेचे सोडून बसणार हायेत. नबीचाचानंही पोत्यात उतराले नाही म्हणून सांगतलं. बायजा म्हणली, "तू उतरला त आमचं संपलं, किसन. पाय तुये हायेत, तूच पाहून घे." घरी येऊन वहिनीले सांगतलं, की नाही म्हणलो त उद्यापासून चूल थंडी. तिनं पागोट्याची घडी घातली. मंग म्हणली, "चुलीचं पाहू. पागोटं वापस देऊ नका."

तर ऐक. पहिल्या बोज्याचा मुहूर्त टळला त वर्ष बुडते, असं मालक मानतो. उद्या मी जाईन. सगळ्यांसमोर पाय पुढं करीन. वाकू दे त्याले, बोटाबोटातून धुवू दे. मंग उठीन, त्याच ओल्या पायांनी दाराबाहेर जाईन अन् निंबाखाली काळ्या मातीत बायजाजवळ बसीन. कडी निघाल्याशिवाय हे पाय कापसाले लागणार नाहीत.

अन् पागोटं घेऊन नाल्यावर येईन, तुले जाळलं तिथं. दगडाले का होईना, तुया नावानं बांधीन. चोर म्हणतीन. म्हणू दे! यावेळी मी नुसता उभा राहणार नाही.

तुया धाकटा,
किसन