हुकूमचंदकाकांचं रिकामं पद

ती. पानाआत्यांस,

शेलूबाजारहून मयंकचा वाकून जयजिनेंद्र. गुडघे आता काय म्हणतात? इकडे सगळे खुशाल आहेत, काका सोडून. तुमच्या या धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि दोष सगळा चीनच्या इतिहासाचा आहे. (फोनवर काका कान देऊन ऐकतात, म्हणून हे पत्र.)

महावीर जयंतीच्या मिरवणुकीत पुढच्या बग्गीत बसायची काकांची फार जुनी हौस. तिथे कमिटीचे अध्यक्ष बसतात आणि ते काही पद सोडेनात, म्हणून त्यांनीच कमिटीला अध्यक्षाच्याही वर 'महाप्रमुख' नेमायला सुचवलं (कोणाला, तेही आडून सुचवलं). मग मला म्हणाले, "तू परीक्षेसाठी एवढं वाचून राह्यला, तं असं एखांदं सगळ्यात मोठं पद सांग मीटिंगमंदी. वजन पडते."

मीटिंगमध्ये मी चीनचं 'दा-युआनश्वाई' सांगितलं. सगळ्या सेनापतींच्या वरचा सेनापती. जुना किताब, राजेशाही गेल्यावरही काहींनी मिरवला. पुढे १९५५ साली नव्या राजवटीत दहा मार्शल झाले, त्यांच्याही वर हे पद ठेवलं, माओंसाठी. म्हणतात, ते नको म्हणाले. मग ते कोणालाच मिळालं नाही. (एवढं शेपूट मी जोडायला नको होतं.) सभा गहिवरली. त्याग म्हटला की आपल्या लोकांचे हात आपोआप जुळतात.

लगेच सेक्रेटरी अर्हमभाऊंनी काकांचं नाव घेतलं. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पंगतीत लाडू आला तरी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा तो पानात पडतोच. काकांनी हात जोडले, "नको बाप्पा, मी कायचा त्या लायकीचा?"

अर्हमभाऊ उठून उभे राहिले. "पाहा, हुकूमचंदजीबी तसेच निंगाले. आता हे पद त्याईच्या मानात रिकामंच ठेवू. बग्गीबी रिकामीच काढू." टाळ्या थांबेनात. काका दुसरं 'नको' तोंडात धरून बसले होते. तेव्हापासून नवी शेरवानी खुंटीवर आहे आणि ते तिच्याकडे पाठ करून जेवतात. खरंच वाईट वाटतं हो मला.

तुमचा,
मयंक

ता. क. तुम्ही येऊन कमिटीसमोर काकांना आग्रह करा. बहिणीचा शब्द त्यांना मोडता येणार नाही, आणि सगळ्यांचीच सुटका होईल.

ता. क. दुसरा : एवढ्यात येऊ नका. कमिटी आत्ताच दारात येऊन गेली. रिकामी बग्गी बरी दिसत नाही, पोरगा अभ्यासू आहे, त्यालाच बसवू म्हणाले. मी एकदाही नको म्हटलं नाही. काकांना हे तेवढं तुम्हीच फोन करून सांगाल का?