ताई, दोन्ही वर्गांना जाऊन आलो

१४ नोव्हेंबर, गुरुवार.
सकाळी भाजी बाजारातले काटे तपासले. एक जप्त केला. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळी वर्गाला जाऊन घरी आलो.

ती. ताई,

नमस्कार. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठीक आहे. (यावर तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.)

तू फोनवर बजावलंस की महिनाअखेरपर्यंत मी माणसांत आलो नाही, तर येऊन मला बॅगेसकट उचलून नेशील आणि हे घर भाड्यानं देऊन टाकशील. आनंद शिकवणारा एखादा वर्ग लाव, असंही म्हणालीस. मी दोन लावले. मंगळवारी वेदांचा मार्ग आणि गुरुवारी कब्बाला, म्हणजे ज्यू लोकांची गूढविद्या. खोली तीच, खुर्च्या त्याच, फक्त मधे फळा पुसतात. (तोही धड नाही. गेल्या गुरुवारी ईश्वरी प्रकाशाच्या आकृतीखालून अर्धा ॐ डोकावत होता.) माझं आयुष्य वजनमापं तपासण्यात गेलं. दोन काटे पारखायचे तर दोन्हींवर एकच वजन ठेवायचं, एवढं मला कळतं. म्हणून दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला: गेलेल्या माणसाची वाट बघणं बंद कसं करायचं?

मंगळवारच्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. त्या म्हणाल्या, आनंद बाहेर नसतोच, तो आतच आहे. बायको आपल्याला प्रिय असते तीसुद्धा आतल्या आत्म्यामुळे, तेव्हा इच्छा गळू द्या आणि आत बघा. मी डोळे मिटून आत बघायला गेलो आणि तिथेच झोपलो. बाईंनी माझं घोरणं समाधी म्हणून सगळ्यांना दाखवलं. त्यांचं म्हणणं मला पटतं, ताई. पण ओला टॉवेल पलंगावर टाकला तर आत्मा काही बोलत नाही.

गुरुवारचे गृहस्थ औषधांचं दुकान चालवायचे. ते बरोबर उलटं सांगतात. इच्छा मारू नका म्हणे, इच्छा हेच भांडं, भांडंच नसेल तर प्रकाश ओतायचा कशात? फक्त स्वतःपुरतं मागू नका, दुसऱ्याला देता यावं म्हणून मागा. मला वाटलं, हा आपला माणूस. घरी येऊन लगेच द्यायला सुरुवात केली. भाजी अजून दोघांची होते, त्यातली निम्मी शेजारच्या सूनबाईला दिली. तिसऱ्या दिवशी डबा परत करताना ती म्हणाली, "काका, राग मानू नका, पण काकू मीठ कमी घालायच्या." मी दार लावून घेतलं आणि तो एक डबा बराच वेळ घासत बसलो.

तेव्हा निकाल असा की एक मार्ग म्हणतो तू भरलेलाच आहेस, दुसरा म्हणतो रिकामा आहेस म्हणून तर भरशील. दोन्ही काटे खरे असावेत. वजनच काढून ठेवता येत नाही, त्याला ते तरी काय करणार? कामावरून आलो की मी अजून आधी बेल वाजवतो, थोडा थांबतो, मग खिशातली किल्ली काढतो.

दाजींना नमस्कार. एकंदरीत सुधारणा आहे, यायची तसदी घेऊ नकोस.

तुझा भाऊ

ता. क. मंगळवारचा वर्ग सोडला. गुरुवारचाही सोडणार आहे.

ता. क. आणखी एक. मला न्यायला येऊ नकोस, पण ये. दोन्हीकडे आत्म्याबद्दल, प्रकाशाबद्दल पुष्कळ बोलले, ती कशी होती हे कुणीही विचारलं नाही. तुझं तिच्याशी कधी पटलं नाही, म्हणजे तुला ती नीट आठवत असेल. समजुतीचं काही बोलू नकोस. तुमची भांडणं सांग, पहिल्यापासून. तू तिची नक्कल करायचीस, तीही कर. मी तिची बाजू घेईन. घर भाड्यानं द्यायचं का, ते त्यानंतर बघू.

इस्त्री तापली आहे. उद्याचा शर्ट करून घेतो.